सैबेरिया ओसाड होता काय ?

सैबेरियाचें नांव निघालें कीं आपल्याकडील सुशिक्षित मनुष्याच्या डोळ्यांपुढें तीन गोष्टी उभ्या राहतात : बर्फ, बेड्या आणि लांडगे. पहिली शाळेंतील भूगोलानें शिकविली, दुसरी रशियन कादंबऱ्यांच्या भाषांतरांनीं, आणि तिसरी कोणीं शिकविली तें सांगतां येत नाहीं. या तिहींच्या मागें चौथी एक समजूत न बोलतां दडलेली असते, ती ही कीं, तो मुलूख मुळांत निर्मनुष्य होता. रशियन लोकांनीं तो शोधून काढला, आणि रिकाम्या घरांत बिऱ्हाड करावें तसे ते तेथें राहिले. पहिल्या तीन समजुतींनीं कोणाचें फारसें बिघडत नाहीं. चौथी मात्र तपासून पाहण्यासारखी आहे. कारण जमीन ओसाड होती असें एकदां ठरलें म्हणजे ती घेणारा कोणाचें कांहीं देणें लागत नाहीं, आणि तिच्यांतून आज निघणारें तेल, वायु, निकेल व हिरे यांवर हक्क कोणाचा, हा प्रश्नहि उद्भवत नाहीं.

तपासाचा मार्ग सोपा आहे. प्रतिपक्षाच्या स्वतःच्या वहीखात्यांतील नोंद हा त्याच्याविरुद्धचा सर्वांत बळकट पुरावा होय, ही गोष्ट कोर्टांत उभे राहणाऱ्यांस व पेढीवर बसणाऱ्यांस सारखीच ठाऊक आहे. झारशाहीनें अशा वह्या पुष्कळ लिहून ठेविल्या आहेत. त्या उघडण्यापूर्वीं त्या भूमीचा विस्तार मात्र एकदां ध्यानांत घेतला पाहिजे.

उरल पर्वतापासून पॅसिफिक महासागरापर्यंतचा सर्व रशियन मुलूख सैबेरियांत धरला, तर त्याचें क्षेत्रफळ सुमारें १ कोटि ३१ लक्ष चौरस किलोमीटर भरतें. हिंदुस्थानाएवढे चार देश त्यांत बसतील. आणि वस्ती पाहावी तर चार कोटींच्या आंत, म्हणजे २०११ सालच्या शिरगणतींत एकट्या महाराष्ट्रांत जितकीं माणसें भरलीं त्यांच्या सुमारें एक तृतीयांश. ओब, येनिसेइ व लेना या तीन महानद्या दक्षिणेकडील डोंगरांत उगम पावून उत्तरेस गोठलेल्या समुद्राला मिळतात. अगदीं उत्तरेस शेवाळाचें उघडें माळरान, त्याच्या दक्षिणेस तैगा नांवाचें अफाट सूचिपर्णी अरण्य, आणि त्याहून दक्षिणेस गवताळ मैदान. पुष्कळशा प्रदेशांत जमीन उन्हाळ्यांत वरवर हात-दोन हात विरघळते; खालीं ती शेंकडों फूट कायमची गोठलेली असते. ओयम्याकोन या खेड्यांत १९३३ सालीं पारा शून्याखालीं ६७.७ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. आणि तरीहि येथें माणूस राहत आला आहे, व तो आजकालचा नव्हे. याना नदीच्या कांठीं, ध्रुववृत्ताच्याहि बऱ्याच उत्तरेस, सुमारें ३१ हजार वर्षांपूर्वींच्या शिकारी लोकांचीं दगडी हत्यारें व केसाळ हत्तीच्या दांताच्या वस्तु उत्खननांत मिळाल्या आहेत.

येथें महाराष्ट्रीय वाचकांस लोकमान्य टिळकांच्या १९०३ सालच्या 'दि आर्क्टिक होम इन दि वेदाज्' या ग्रंथाची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. वेदांतील दीर्घ उषा व सहा सहा महिन्यांचे दिवसरात्र यांच्या वर्णनांवरून आर्यांचें मूलस्थान ध्रुवप्रदेशांत असावें, असा लोकमान्यांचा सिद्धान्त होता. त्या ग्रंथांतील परिश्रम व युक्तिवादाचें कौशल्य यांविषयीं दुमत नाहीं. परंतु तो सिद्धान्त आजच्या संशोधनास मान्य नाहीं, हें आदर कायम ठेवूनच सांगितलें पाहिजे. आरे असलेल्या चाकांचे, इ. स. पूर्व २००० च्या सुमाराचे रथ उरलच्या दक्षिण भागीं सिन्ताश्ता येथील थडग्यांत सांपडले आहेत, आणि इंडो-इराणी भाषा बोलणारांचे पूर्वज त्या गवताळ पट्ट्यांत राहत असावेत असें बहुतेक पंडितांचें मत आहे. तेथून ध्रुववृत्त आणखी दीड हजार किलोमीटर उत्तरेस राहतें. यानाकांठच्या शिकाऱ्यांचा वैदिक भाषेशीं संबंध जोडण्यास तर कांहींच आधार नाहीं. असो.

रशियन सत्तेचा या मुलखांत प्रवेश झाला तो व्यापाऱ्याच्या दारानें. मिठाच्या धंद्यावर गबर झालेल्या स्ट्रोगानोव घराण्यास झार चवथा इव्हान यानें १५५८ सालीं कामा नदीकाठच्या प्रदेशाची सनद दिली. किल्ले बांधावे, पदरीं शिपाई ठेवावे, वसाहत करावी, आणि वीस वर्षें कर माफ, असा तिचा मजकूर. व्यापारी कोठीला फौज बाळगण्याची मुभा मिळाली म्हणजे पुढें काय होतें, हें हिंदी वाचकांस विस्तारानें सांगावयास नको. येर्माक तिमोफेयेविच नांवाच्या कोसॅक पुढाऱ्यानें कांहीं शें बंदूकधारी लोकांनिशीं उरल ओलांडून १५८२ सालीं सिबिरचा तार्तार खान कुचुम याची राजधानी घेतली. कुचुमचें राज्य ओबच्या खोऱ्यापुरतें होतें. परंतु त्याचें नांव विजेत्यांनीं ताणीत ताणीत पॅसिफिकपर्यंत नेलें. येर्माक १५८५ सालीं इर्तिश नदींत बुडून मेला. काम मात्र थांबलें नाहीं. १५८७ त तोबोल्स्क, १६०४ त तोम्स्क, १६१९ त येनिसेइस्क, १६३२ त याकुत्स्क अशीं लाकडी ठाणीं उठत गेलीं, आणि १६३९ सालीं इव्हान मोस्क्विटिनची टोळी ओखोत्स्क समुद्राच्या कांठीं येऊन उभी राहिली. प्लासीपासून पेशवाईच्या अखेरीपर्यंत इंग्रजांस ६१ वर्षें लागलीं. तोबोल्स्कपासून पूर्वसमुद्रापर्यंत पोंचावयास रशियनांस ५२ पुरलीं.

एवढी घाई कशासाठीं ? सेबल नांवाच्या मुंगसाएवढ्या प्राण्याच्या कातड्यासाठीं. युरोपांतील व चीनमधील श्रीमंतांस तें कातडें सोन्याच्या भावानें लागे, आणि एका नदीच्या खोऱ्यांतील सेबल संपला कीं टोळी पुढच्या खोऱ्यांत जाई. १७ व्या शतकाच्या मध्यास मॉस्कोच्या राज्याच्या जमेचा सुमारें दहावा हिस्सा कातड्यांतून येत असे, असा कांहीं इतिहासकारांचा हिशेब आहे. हीं कातडीं कोसॅक स्वतः फारशीं मिळवीत नसत. तीं 'यासाक' म्हणून वसूल होत. प्रत्येक धडधाकट पुरुषावर ठराविक कातड्यांचा कर. आणि तो बिनबोभाट यावा म्हणून जमातीच्या मुख्याचा मुलगा किंवा भाऊ ठाण्यांत कोंडून ठेवावयाचा. या ओलिसास रशियन कागदपत्रांत काय शब्द आहे म्हणाल, तर 'अमानत' ! मूळ अरबी शब्द, तार्तारांच्या तोंडून रशियनांस मिळाला. आणि फारसीच्या वाटेनें तोच आपल्या कोर्टकचेऱ्यांत आला. आपण अमानत म्हणून रक्कम ठेवतों, दागिने ठेवतों. सैबेरियांत माणसें अनामत पडत. वर्षाच्या कातड्यांची भरती करावयास नातलग येत, त्या वेळीं ठाण्याच्या ओसरीवर अमानताला उभा करून तो जिवंत असल्याची खात्री त्यांस पटवीत, आणि मग वहींत जमा लिहीत.

आमच्या प्रश्नाचें उत्तर याच वह्यांत आहे. यासाकच्या वह्यांतून करदात्यांचीं नांवें, तीं कोणत्या कुळाचीं, कोणत्या नदीवरचीं, किती कातडीं दिलीं, किती बाकी राहिलीं, हें सर्व टिपलेलें असे. बोरिस दोल्गिख या सोव्हिएत संशोधकानें या नोंदींची वर्षानुवर्षें छाननी करून १७ व्या शतकांतील सैबेरियाच्या कुळांचा व जमातींचा एक मोठा ग्रंथ १९६० सालीं प्रसिद्ध केला. त्या नोंदींवरून त्या वेळच्या मूळ रहिवाशांचा जो अंदाज निघतो तो दोन लक्षांच्या आसपास जातो. एवढ्या प्रचंड भूमीला ही वस्ती विरळ खरीच; परंतु विरळ म्हणजे रिकामी नव्हे. रेनडिअरचा कळप पाळणाऱ्यास किंवा सेबलची शिकार करणाऱ्यास एका कुटुंबाच्या पोटाला लागणारी भूमि आपल्या कुणब्याच्या शेतासारखी बिघ्यांत मोजतां येत नाहीं. ज्या सरकारनें माणसांचीं नांवें नोंदून कर घेतला, त्यालाच पुढें हा मुलूख कोणाचा नव्हता असें म्हणण्याचा अधिकार उरत नाहीं.

हे लोक कोण, हेंहि थोडें पाहूं. पश्चिमेस ओबच्या खोऱ्यांत खांती व मान्सी, उत्तरेच्या माळरानांत रेनडिअर पाळणारे नेनेत्स, येनिसेइवर केत, ज्यांच्या भाषेचे सैबेरियांतील सर्व सगेसोयरे नामशेष झाले, मध्यभागीं एवेंकी, जे येनिसेइपासून ओखोत्स्कपर्यंतच्या अरण्यांत रेनडिअरवर बसून हिंडत, लेनेच्या कांठीं साखा किंवा याकुत, जे तुर्की वंशाचे असून पन्नास अंशांच्या हिमांतहि घोडे व गुरें पाळतात, बैकल सरोवराभोंवतीं मंगोल वंशाचे बुर्यात, ईशान्य टोंकास युकागिर, कोर्याक व चुकची, कामचत्कांत इतेलमेन, आमूरच्या मुखाशीं निव्ख. यांपैकीं बहुतेकांस रशियनांनीं दुसरींच नांवें दिलीं होतीं. नेनेत्स या शब्दाचा अर्थ माणूस. त्यांस 'सामोयेद' म्हणत, आणि रशियन कानाला त्या शब्दाचा अर्थ 'स्वतःस खाणारा' असा लागे. शामान हा शब्द आज सर्व जगांत फिरतो, तो एवेंकींच्या भाषेंतून आला. तो आपल्या 'श्रमण' शब्दापासून बौद्ध भिक्षूंच्या मार्गानें तेथवर गेला, असें म्हणणारे कांहीं पंडित आहेत. दुसरे तें मानीत नाहींत. बुर्यातांच्या बाबतींत मात्र शंकेस जागा नाहीं. तिबेटी पंथाचा बौद्ध धर्म त्यांच्यांत रुजल्यावर सम्राज्ञी एलिझाबेथ हिनें १७४१ सालीं त्यास मान्यता दिली, आणि त्यांच्या मुख्य धर्मगुरूची पदवी १७६४ पासून 'पंडितो खांबो लामा' अशी आहे. संस्कृतांतील पंडित बैकलच्या कांठीं आजहि गादीवर बसतो, ही गोष्ट आपल्याकडे किती जणांस ठाऊक असेल ?

कोसॅकांच्या बंदुकींपेक्षां अधिक माणसें देवीनें मारलीं. १६३० च्या सुमारास ही सांथ पश्चिम सैबेरियांत शिरली, मग पूर्वेकडे सरकली, आणि युकागिरांसारख्या लहान जमाती तिनें निम्म्याहून खालीं आणल्या. कामचत्कांत १७६८-६९ सालीं आलेल्या देवीच्या सांथीनें इतेलमेनांचा बहुतांश फडशा उडविला. ज्यांच्या पूर्वजांनीं हा रोग कधीं पाहिला नव्हता, त्यांच्या अंगीं त्याला तोंड देण्याची शक्ति नव्हती. पुढील शतकांत जो प्रवासी येई त्याला गांवें ओस दिसत, आणि तो आपल्या रोजनिशींत 'निर्जन प्रदेश' असें लिहून जाई.

शोधाच्या इतिहासाकडे वळूं. त्यांतील एक गोष्ट दप्तराची किंमत जाणणाऱ्या प्रत्येकानें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. सेम्योन देझ्न्योव नांवाचा एक साधा कोसॅक १६४८ सालच्या उन्हाळ्यांत कोलिमा नदीच्या मुखांतून सात लाकडी नावा व सुमारें ९० माणसें घेऊन पूर्वेस निघाला. वाटेंत बहुतेक नावा गेल्या. देझ्न्योवची नाव आशियाचें पूर्व टोंक वळून दक्षिणेस फेंकली गेली, आणि ऑक्टोबरांत ती अनादिर नदीच्याहि पलीकडे किनाऱ्यास लागली, तेव्हां तींत २४ माणसें होतीं. दहा आठवडे पायपीट करून तीं अनादिरला पोंचलीं. हिंवाळ्याअखेर त्यांतलीं १२ उरलीं. आशिया व अमेरिका या दोन खंडांमध्यें पाणी आहे, ही गोष्ट या माणसानें प्रत्यक्ष नाव हांकून सिद्ध केली. त्याला स्वतःला तिचें महत्त्व नव्हतें. त्याची फिर्याद पगाराबद्दल होती. १६६४ सालीं तो मॉस्कोस पोंचला, तेव्हां त्याचा १९ वर्षांचा पगार थकलेला होता, आणि सरकारनें तो चुकता केला तो एक तृतीयांश रोकड व दोन तृतीयांश कापड या रूपानें ! त्याचें निवेदन याकुत्स्कच्या कचेरींत धूळ खात पडलें. १७३६ सालीं गेरहार्ड म्यूलर हा जर्मन इतिहासकार तेथील कागद चाळीत असतां तें त्याच्या हातीं लागलें. मधल्या काळांत, १७२८ सालीं, व्हिटस बेरिंग हा डॅनिश दर्यावर्दी मोठ्या सरकारी खर्चानें त्याच सामुद्रधुनींतून जाऊन आला होता. धुक्यामुळें त्यास अमेरिकेचा किनारा दिसला नाहीं, तरी सामुद्रधुनीला नांव त्याचेंच राहिलें. टोंकास देझ्न्योवचें नांव मिळावयास १८९८ साल उजाडावें लागलें.

१७३३ पासून १७४३ पर्यंत चाललेली बेरिंगची दुसरी मोहीम तर त्या शतकांतील सर्वांत मोठ्या शास्त्रीय उद्योगांपैकीं एक होती. तिच्या निरनिराळ्या तुकड्यांनीं आर्क्टिक किनाऱ्याचा बहुतेक नकाशा काढला. चेल्युस्किन १७४२ सालीं कुत्र्यांच्या गाडीवरून आशियाच्या उत्तर टोंकास पोंचला. प्रोंचिश्चेव नांवाच्या अधिकाऱ्याबरोबर त्याची पत्नीहि नावेवर होती. १७३६ सालीं तो मरण पावला, आणि थोड्याच दिवसांनीं तीहि गेली. ओलेन्योक नदीच्या मुखाशीं दोघांस एके ठिकाणीं पुरलें. या बाईचें नांव नकाशांवर मारिया म्हणून चढलें. तें तात्याना होतें, हें कागदांवरून उघड व्हावयास विसावें शतक संपत आलें. बेरिंग स्वतः १७४१ च्या डिसेंबरांत एका उजाड बेटावर मेला. त्याच्या जहाजावरील श्टेलर या निसर्गशास्त्रज्ञानें तेथें एका प्रचंड, निरुपद्रवी समुद्रगाईचें वर्णन लिहून ठेविलें. कातड्याच्या व्यापाऱ्यांनीं तिचें मांस एवढ्या झपाट्यानें खाल्लें कीं १७६८ नंतर ती पृथ्वीवर कोणास दिसली नाहीं. या सर्व मोहिमांचें सामान वाहिलें कोणीं, वाटा दाखविल्या कोणीं, कुत्रीं व रेनडिअर पुरविले कोणीं, याचा जमाखर्च मात्र कोणत्याहि टोंकाच्या नांवांत आढळत नाहीं.

सर्वच जमातींनीं मान तुकविली असें नव्हे. चुकचींचें उदाहरण स्वाभिमानी वाचकास आवडेल असें आहे. यासाक देण्याचें त्यांनीं साफ नाकारलें. १७४२ सालीं सेनेटनें त्यांचा समूळ उच्छेद करण्याचा हुकूम काढला. मेजर पाव्लुत्स्की याने त्यांच्या वस्त्या जाळल्या, रेनडिअरचे कळप लुटले. आणि १७४७ सालीं चुकचींनीं त्यासच लढाईंत ठार केलें. शेवटीं सरकारनें वही उघडली. अनादिर्स्क ठाण्यावर सुमारें पन्नास वर्षांत १३ लक्ष ८० हजार रुबल खर्ची पडले होते, आणि यासाकची जमा तीस हजारांच्याहि आंत होती. १७७१ सालीं तें ठाणें मोडून टाकण्यांत आलें. मग व्यापारी जत्रा भरूं लागली, तंबाखू व किटल्या देऊन कातडीं घेणें सुरू झालें, आणि बंदुकीनें जें झालें नाहीं तें पुष्कळ अंशीं तराजूनें झालें. १८२२ सालच्या कायद्यांत चुकचींचा वर्ग निराळा धरला आहे : पूर्णपणें अंकित नसलेले लोक, जे आपल्या मर्जीप्रमाणें वाटेल तेवढा यासाक देतील !

तो १८२२ चा कायदा मिखाइल स्पेरान्स्की यानें रचला. कायद्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीनें तो मुळींच टाकाऊ नव्हे. मूळ रहिवाशांचे त्यानें तीन वर्ग केले : स्थायिक, ऋतुमानानें फिरणारे, व सदा भटकणारे. पहिल्यांस रशियन रयतेप्रमाणें वागवावें. इतरांस त्यांच्या पंचायती, त्यांचे रीतिरिवाज, त्यांचे न्यायनिवाडे ठेवावे. त्यांच्या जमिनींवर रशियनांनीं परवानगीवांचून बसूं नये. ऐकावयास हें सर्व उत्तम आहे. परंतु जमिनीची अंतिम मालकी सरकारची, मूळ रहिवाशांचा केवळ उपभोग, ही मेख त्यांत होतीच. १८९० नंतरच्या पंचवीस वर्षांत चाळीस लक्षांच्या आसपास शेतकरी युरोपीय रशियांतून सैबेरियांत लोटले, तेव्हां ही मेख कामास आली. दर पुरुषामागें १५ देस्यातिना हें माप घेऊन मोजणीदार फिरले, आणि बुर्यातांचीं कुरणें 'जास्त' ठरलीं. कायद्यानें दिलेलें संरक्षण जर मालकी देत नसेल, तर तें मोजणीच्या सांखळीपुढें टिकत नाहीं, हा अनुभव आपल्या जंगलपट्टींतील लोकांसहि नवा नाहीं.

हद्दपारीची हकीकत वाचकांस अधिक परिचित आहे, म्हणून थोडक्यांत सांगतों. १६४९ च्या संहितेपासून ती शिक्षा कायद्यांत आली. १८२५ च्या डिसेंबरांतील बंडाचे सरदार खाणींत गेले, आणि त्रुबेत्स्काया, वोल्कोन्स्काया प्रभृति त्यांच्या स्त्रिया पदव्या व हक्क सोडून त्यांच्यामागें गेल्या. १८६३ च्या उठावानंतर पोलंडचे हजारों लोक आले. चेकोव्हनें १८९० सालीं साखालिन बेटावर जाऊन तेथील कैद्यांची व वसाहतवाल्यांची शिरगणति जवळजवळ एकट्यानें केली. तींत सुमारें दहा हजार पत्रकें भरलीं. परंतु सरकारास न कळत या शिक्षेनें एक चांगलें काम केलें. ज्यांस तोंड बंद ठेवण्यासाठीं कोलिमा, याकुतिया, साखालिन येथें पाठविलें, त्या बोगोराझ, योखेलसन व श्टेर्नबर्ग या क्रांतिकारकांनीं शेजारच्या चुकची, युकागिर, निव्ख लोकांच्या भाषा शिकून घेतल्या, त्यांच्या कथा व चालीरीति लिहून काढल्या, आणि ते पुढें जगन्मान्य मानववंशशास्त्रज्ञ झाले. मंडालेच्या कोठडींत गीतारहस्य लिहिलें गेलें, हें ज्यांस माहीत आहे त्यांस यांत आश्चर्य वाटावयास नको.

सैबेरियांतच जन्मलेल्या रशियनांतहि आत्मपरीक्षण करणारे निघाले. निकोलाय याद्रिन्त्सेव हा त्यांतला अग्रणी. तरुणपणीं, १८६५ सालीं, सैबेरिया वेगळा करण्याचा कट केल्याच्या आरोपावरून तो पकडला गेला. १८८२ सालीं त्यानें 'सैबेरिया : एक वसाहत' या अर्थाच्या नांवाचा ग्रंथ लिहिला आणि त्याच वर्षीं पूर्वेच्या प्रश्नांस वाहिलेलें एक वृत्तपत्र काढलें. मॉस्को आपल्या प्रांताकडून कातडीं, सोनें व धान्य घेते आणि बदल्यांत कैदी पाठविते, हें त्याचें मुख्य गाऱ्हाणें. आणि मूळ जमातींचा ऱ्हास हा निसर्गाचा नियम नसून कारभाराचा परिणाम आहे, हें त्याचें दुसरें, अधिक धाडसाचें म्हणणें.

आतां व्यापाऱ्यांच्या विषयाकडे येतों. क्याख्ता येथें १७२७ च्या तहानंतर चीनशीं कातडीं देऊन चहा घेण्याचा व्यापार वाढला, आणि चहाच्या विटा उंटांवरून व बर्फगाड्यांवरून हजारों किलोमीटर मॉस्कोपर्यंत जात. १८६९ सालीं सुएझचा कालवा उघडला. मुंबई बंदराची भरभराट करणाऱ्या त्याच कालव्यानें क्याख्त्याच्या कोठ्या हळूहळू ओस पाडल्या. पुढें १८९१ सालीं व्लादिवोस्तोक येथें महान् सैबेरियन रेल्वेचा आरंभसमारंभ झाला. तो करणारा युवराज निकोलस त्याच प्रवासांत, १८९० च्या डिसेंबरांत, मुंबईसहि येऊन गेला होता. ९,२८८ किलोमीटरांची ही वाट आमूरवरील पूल होऊन १९१६ सालीं सलग झाली. रेल्वेमुळें सैबेरियाचा स्वस्त गहू युरोपीय रशियांत येऊं लागतांच तिकडील जमीनदारांनीं ओरड केली. तेव्हां सरकारनें १८९६ सालीं एक युक्ति काढली. अंतर वाढेल तसा मैलामागें रेल्वेचा दर उतरत जातो, हें प्रत्येक अडत्यास ठाऊक आहे. सैबेरियन धान्यासाठीं मात्र चेल्याबिन्स्क येथें हिशेब तोडून, तेथून नवा प्रवास सुरू झाला असें मानून पुन्हां पहिल्यापासून चढा दर लावावयाचा. जकातीचें नांव नाहीं, आणि जकात मात्र पुरती ! पण शेतकऱ्यानें यावर उपाय काढला. धान्य परवडत नाहीं, तर गाईला चारा आणि लोणी विका. गांवोगांव सहकारी मंडळ्या निघाल्या, कुर्गान येथें बालाक्षिन याच्या पुढाकारानें त्यांचा संघ झाला, पांढऱ्या रंगाच्या थंड डब्यांच्या गाड्या बाल्टिक बंदरांकडे धांवूं लागल्या, आणि पहिल्या महायुद्धापूर्वीं वर्षाला पन्नास हजार टनांहून अधिक लोणी लंडन व कोपनहेगनच्या बाजारांत जाऊं लागलें. सरकारी मेहेरबानीवांचून, किंबहुना सरकारी आडकाठीमुळें, उभा राहिलेला हा सहकार आपल्याकडील दूध-संघवाल्यांनीं अभ्यासावा असा आहे.

क्रांतीनंतर काय झालें ? आरंभ आशादायक होता. १९२४ सालीं उत्तरेकडील लोकांसाठीं एक समिति स्थापन झाली, तींत बोगोराझ व श्टेर्नबर्ग होते. ज्या भाषांस लिपि नव्हती त्यांस १९३०-३२ च्या सुमारास लिपि व प्राथमिक पुस्तकें मिळालीं. स्त्रीशिक्षण व वैद्यकीय मदत प्रथमच त्या माळरानांत पोंचली, हें मान्य केलेंच पाहिजे. परंतु १९३५ सालीं समिति मोडली, १९३७ सालीं नवी लिपि टाकून रशियन लिपि लादली गेली, शामान हे शत्रु ठरले, रेनडिअरचे कळप सामुदायिक झाले, आणि मुलें आईबापांपासून दूर वसतिगृहांत वाढून स्वभाषा विसरलीं. बुर्यातांचे मठ जवळजवळ सर्व बंद पडले, आणि त्यांचा विद्वान् लामा आग्वान दोर्जियेव १९३८ सालीं कैदेंत मरण पावला. १९४५ सालीं इवोल्गा येथें एक मठ उघडण्यास परवानगी मिळाली. इकडे जुन्या बेड्यांच्या जागीं नव्या बेड्या आल्या. १९३०-३१ या दोन वर्षांत सुमारें १८ लक्ष शेतकरी माणसें घरांतून उपटून उरल, उत्तर रशिया व सैबेरिया इकडे नेण्यांत आलीं. कोलिमेचें सोनें व नोरिल्स्कचें निकेल कैद्यांच्या हाडांवर निघालें. झारच्या काळांत कैदी पुस्तकें लिहून परत येत; या काळांत पुष्कळ जण परतच आले नाहींत.

आज रशियाच्या कायद्यानें पन्नास हजारांहून कमी लोकसंख्या असलेल्या उत्तरेकडील चाळीस जमातींची यादी केली आहे, आणि १९९९ सालच्या एका कायद्यानें त्यांस कांहीं हमी दिल्या आहेत. २०१० च्या शिरगणतींत साखा व बुर्यात साडेचार लक्षांच्या वर प्रत्येकीं भरले; त्यांची वाढच झाली आहे. परंतु एवेंकी ३८ हजार, चुकची १६ हजार, आणि केत अवघे १,२००. त्यांत केत भाषा बोलणारे फार तर शंभर दोनशें. त्यांच्या पायांखालची गोठलेली जमीनहि आतां सुटूं लागली आहे. २० जून २०२० रोजीं ध्रुववृत्ताच्या उत्तरेस असलेल्या वेर्खोयान्स्क येथें ३८ अंशांची उष्णता मोजली गेली. मे महिन्यांत पुण्याची असते तशी! त्याच्या तीन आठवडे आधीं, २९ मे रोजीं, नोरिल्स्क येथें निकेल-कंपनीच्या वीजघराची टांकी खचून २१ हजार टन डिझेल जमिनींत व नद्यांत गेलें. विरघळत्या जमिनीवर खापर फोडण्यांत आलें. टांकीच्या देखभालीविषयींहि सरकारी तपासांत ठपका बसला. त्या नद्यांवर मासेमारी करणारे लोक या मूळ जमातींपैकींच होत.

ऑगस्टांत त्यांच्या कांहीं प्रतिनिधींनीं एक पत्र प्रसिद्ध केलें. तें मॉस्कोस लिहिलेलें नव्हतें. विजेच्या मोटारी बनविणारा अमेरिकन कारखानदार ईलॉन मस्क यास लिहिलें होतें, कारण त्याच्या बॅटऱ्यांस निकेल लागतें. नुकसानीची भरपाई होईपर्यंत, नासलेली जमीन सुधारली जाईपर्यंत, आणि आमच्या भूमींत काय करावयाचें तें आम्हांस विचारून ठरेपर्यंत या कंपनीचें निकेल घेऊं नका, अशी त्यांची मागणी होती. त्याच वर्षीं कंपनीनें तेथील जमातींच्या संस्थांशीं पांच वर्षांच्या मदतीचा एक करार केला. पुढें फेब्रुवारी २०२१ मध्यें कोर्टानें कंपनीस सुमारें १४,६०० कोटि रुबल भरपाई ठोठावली, आणि मार्च महिन्यांत तिनें ती भरली. बहुतेक सर्व रक्कम मॉस्कोच्या मध्यवर्ती खजिन्यांत जमा झाली. थोडासा भाग नोरिल्स्क शहराच्या तिजोरींत गेला.